‘वीरधवल’ लिहिणारे नाथमाधव

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरगावचे पाहुणे बोलवावयाचे, त्यांना नारळ द्यावयाचा आणि आपण सतरंजीवर बसून ऐकावयाचे, अशी आपली आजवरची रीत. यंदा कार्यकारिणीने ठरविले की, आपल्यातल्याच दोघीतिघींनी बोलावे. त्यात माझे नाव कुणी घातले ते मला ठाऊक आहे, आणि त्या बाई आता माझ्याकडे न पाहता पदर सावरीत बसल्या आहेत! माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चारचौघींपुढे उभे राहून बोलण्याची सवय नाही, म्हणून घरी लिहून आणले आहे तेच वाचते. एका मैत्रिणीने सुचविले होते की, लोणच्याविषयी बोला, तुमच्या लोणच्याला आखाडातसुद्धा बुरा येत नाही. लोणच्याचे पुढच्या वर्षी पाहू. आज मी एका कादंबरीकाराविषयी बोलणार आहे, आणि त्याला कारण आहे.

गेल्या श्रावणात आपल्या कपाटासाठी पुस्तके घ्यावयाची होती. वर्गणीतून थोडे पैसे उरले होते. यादी करताना मी नाथमाधवांच्या ‘वीरधवल’चे नाव सांगितले. तेव्हा आपल्यातल्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, “राजपुत्र, तलवारी, चमत्कार, हे सगळे खोटे. खोटे वाचून पदरात काय पडायचे? त्यापेक्षा पोथी घ्या, नाहीतर शिवणकामाचे पुस्तक घ्या.” त्यांचा मी मान ठेवते. पोथी घेतली, शिवणकामाचेही घेतले, आणि दोन्हींचा उपयोग होतो आहे. माझ्या धाकटीच्या परकराची घडी त्याच पुस्तकावरून बेतली. पण ‘खोटे’ हा शब्द काही माझ्या मनातून जाईना. जे कधी घडले नाही ते माणसाला सुचते कसे? कुठून येते ते? घरात तर भाकरी, पाणी, उसनवारी, आजारपण हेच असते. मग त्यातून सोन्याचे वाडे आणि वाऱ्यासारखे घोडे कसे निघतात?

याचे उत्तर मला माझ्या सासूबाईंकडून मिळाले. त्यांना अक्षरओळख नव्हती.

सासूबाई माळवदावर सांडगे घालावयास गेल्या होत्या. उतरताना शिडीवरून पाय निसटला आणि त्या खाली आल्या. कमरेत बसले. दवाखाने झाले, वैद्य झाले, मसाज झाला, पण त्या पुन्हा पायांवर उभ्या राहिल्या नाहीत. साडेतीन वर्षे त्या पडून होत्या. ज्या बाईने उभा जन्म रानात खुरपले, डोईवर कडब्याच्या पेंढ्या आणल्या, पंढरीची वारी पायी केली, ती बाई खाटेवरून आढ्याच्या लाकडांकडे पाहत बसली. माणूस अशा वेळी चिडचिडे होते. त्याही होत. आणि त्यांचे सर्व माझ्यावर निघे, कारण समोर मीच असे.

दुपारचे काम उरकले की मी त्यांना वाचून दाखवू लागले. आधी हरिपाठ, मग भक्तिविजय. तेही झाले. वाचनालयात एकदा जाडजूड ‘वीरधवल’ दिसला, तो मी घरी आणला. भाषा जुन्या वळणाची, वर्णने लांबलचक. मलाच दोनदा अडखळावे लागे. मी म्हटले, ह्या कंटाळतील. पण त्यांनी सांडशीने धरावे तशी ती गोष्ट धरली. घोडी दौडू लागली की त्यांची मान उशीवरून उचले. चार दिवस झाले असतील, तेव्हा त्या म्हणाल्या, “सूनबाई, ह्यो लिवणारा जाग्यावर बसून असंल बघ.”

मी विचारले, “कशावरून, आत्याबाई?”

“पाय असलेल्या माणसाला पायाचं एवढं कवतिक नसतं. ह्याचं समदं ध्यान पळण्यावर हाय.”

मी हसले. म्हातारीचे काहीतरी, असे वाटले. पुस्तक बदलावयास गेले तेव्हा सहज ग्रंथपालांपाशी हे बोलले. त्यांनी नाथमाधवांची हकीकत सांगितली, आणि मी तिथल्या बाकावर बसलेच.

नाथमाधव हे टोपणनाव. खरे नाव द्वारकानाथ माधवराव पितळे. जन्म मुंबईचा, १८८२ सालचा. तरुणपणी ते तोफांच्या कारखान्यात नोकरीस होते आणि त्यांना शिकारीचा मोठा नाद होता. शिकारीचा नाद म्हणजे काय, हे आपल्या बालाघाटाच्या डोंगरकपारीला राहणाऱ्यांना सांगावयास नको. पहाटे निघावयाचे, रान तुडवावयाचे, कडे चढावयाचे, जनावर उठले की त्याच्या मागे पळावयाचे. सगळे पायांचे काम. अशाच शिकारीच्या पायी ते सिंहगडाच्या कड्यावरून पडले. जीव वाचला, पण कमरेखालचे अंग लुळे पडले. वय पंचविशीच्याही आतले.

सिंहगड कोणता, हे आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. १६७० साली तानाजी मालुसरे ज्या गडाचा कडा रात्री चढून गेले आणि गड घेताना कामी आले, तोच हा गड. शाळेत असताना तो धडा मी मोठ्याने वाचला होता, म्हणून माझ्या चांगला लक्षात आहे. त्या कड्यावरून पडलेला एक शिकारी पुढे मराठीतला मोठा कादंबरीकार झाला, हे मात्र शाळेत कोणी सांगितले नव्हते.

पडल्यावर त्या तरुणाने काय केले? वाचले. आजारपणात पुष्कळ वाचले, आणि मग लिहावयास घेतले. १९०८ साली ‘प्रेमवेडा’ ही त्यांची पहिली कादंबरी आली. पाठोपाठ ‘सावळ्या तांडेल’ आली. तांडेल म्हणजे गलबतावरचा मुख्य. म्हणजे पाहा, स्वतः खाटेला खिळलेला माणूस आणि गोष्ट कोणाची, तर दर्यावर फिरणाऱ्याची! १९१३ साली ‘वीरधवल’ निघाला. नंतर ‘रायक्लब’, ‘विहंगवृंद’, तीन भागांत ‘डॉक्टर’ अशा घरगुती आणि सामाजिक कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. पुढे ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्यावरील संकट’ अशी शिवशाहीवर कादंबऱ्यांची माळच गुंफली. १९२८ साली ते वारले. वय अवघे शेहेचाळीस. पहिल्या कादंबरीपासून धरले तर वीस वर्षे त्यांना लिहावयास मिळाली.

घरी येऊन मी सासूबाईंना हे सांगितले. मला वाटले, आपले भाकीत खरे ठरले म्हणून खूष होतील. त्या काहीच बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने विचारले, “त्याची कूस कोण बदलायचं?”

भगिनींनो, हा प्रश्न कोणत्याही विद्वानाने विचारला नसता. तो ज्याला पाठीला फोड येतात तोच विचारतो. पडून असलेल्या माणसाची कूस दिवसातून कितीदा बदलावी लागते, अंथरूण कितीदा धुवावे लागते, हे येथे बसलेल्या बहुतेकींना ठाऊक आहे. कादंबरीच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव छापतात. कूस बदलणाऱ्या हातांचे छापीत नाहीत. असो. माझा विषय तो नव्हे, पण बोलल्यावाचून राहवले नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. नाथमाधवांच्या आधीही मराठीत अशा अद्भुत गोष्टी होत्या. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची. नंतर नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली. त्यांत राजे, राण्या, वियोग, योगायोग हे सर्व भरपूर. मग हरिभाऊ आपटे आले. १८९० नंतर त्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये आपल्यासारख्या घरातली यमू आणली. ती वाचताना मी चुलीपुढे रडले आहे. जाणती माणसे म्हणू लागली की, आता खरे लिहावयाचे दिवस आले, राजपुत्रांचे दिवस संपले. आणि बरोबरच होते ते. यमूची गोष्ट कोणीतरी सांगावयासच हवी होती. अशा काळात नाथमाधव पुन्हा घोडा, तलवार आणि अद्भुत घेऊन आले, आणि लोकांनी तो वीरधवल डोक्यावर घेतला. त्या वेळी रेनॉल्ड्स नावाच्या इंग्रज कादंबरीकाराची पुस्तके आपल्याकडे घरोघर वाचली जात, भाषांतरे होत. लोकांना रहस्याची आणि साहसाची गोडी लागली होती, हे एक कारण आहेच. पण मला वाटते, तेवढ्याने भागत नाही. रेनॉल्ड्स वाचून कादंबऱ्या लिहिणारे त्या काळी पुष्कळ झाले असतील. शंभराहून अधिक वर्षांनी आमच्या घरातल्या खाटेवर ज्याचे शब्द चालले, तो एक. त्या शब्दांत स्वतःचे काहीतरी असल्यावाचून ते इतके चालले नसते.

स्वतःचे म्हणजे काय? नाथमाधवांनी ‘वीरधवल’मध्ये लुळ्या पायांचे दुःख मांडले नाही. ते उलटे होऊन आले. जे गेले तेच भरभरून आले. भुकेल्या माणसाला स्वप्नात पंगत दिसते, वाळवंटात पाणी दिसते, तसे. दुःख जसेच्या तसे लिहिले तर ती हकीकत होते, आणि हकीकतीचेही मोल आहे. पण दुःख जेव्हा उलटून येते तेव्हा त्याची अशी गोष्ट होते.

हे काही नाथमाधवांपुरते नाही. आपण दर श्रावणात वाचतो त्या कहाण्याच घ्या. त्या कोणी रचल्या? त्यांच्यावर कोणाचे नाव नाही. पण त्या बायांनी रचल्या असाव्यात अशी माझी तरी खात्री आहे, कारण त्यांत जे बारकावे आहेत ते पुरुषाला सुचणार नाहीत. शिवामुठीची कहाणी आठवा. नावडती सून आहे. तिला उष्टे अन्न, जाडेभरडे नेसावयास, निजावयास गोठा. ही सून ज्या बाईने पहिल्यांदा सांगितली, तिने गोठा पाहिलेला होता. तिथवर सगळे खरे आहे, अगदी शेजारच्या घरातले वाटावे इतके खरे. आणि मग पुढे काय होते? रानात देवकन्या, नागकन्या भेटतात, व्रत सांगतात, आणि तिच्या हातून देऊळ सोन्याचे होते. सासरची माणसे थक्क होतात. गोठ्यात निजणारीने सोन्याचे देऊळ पाहिले! यात खोटे कोणते आणि खरे कोणते, ते आता मला वेगळे करता येत नाही.

शुक्रवारची कहाणी तर मला त्याहून तिखट वाटते. भाऊ गावाला जेवू घालतो आणि गरीब बहिणीला पानावरून उठवितो. पुढे बहिणीला चांगले दिवस येतात, तेव्हा तोच भाऊ तिला आग्रहाने बोलावतो. ती जेवावयास बसते आणि एकेक दागिना काढून त्याच्यावर एकेक पदार्थ ठेवीत जाते. जेवण ज्यांना होते त्यांना वाढले, असा त्याचा अर्थ. ही युक्ती ज्या बाईला सुचली, तिच्याकडे ना दागिने होते, ना भावाला बोलण्याची सोय. तिच्याकडे कहाणी होती. माहेरी गेल्यावर आपल्याला असा अनुभव आला तर आपण काय करतो? डोळ्यांत पाणी आणतो आणि ‘पोट भरले’ म्हणतो. तिने ते ताटात मांडून दाखविले.

सासूबाईंना या कहाण्या तोंडपाठ होत्या. त्यांनीच मला सांगितले की, त्यांच्या सासूच्या काळी नावडतीच्या गोठ्याचे वर्णन ज्या घरात जितके लांबत असे, त्या घरात सुनांचा तितका जाच असे. त्या गंभीरपणे म्हणाल्या की थट्टेने, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कधी कळत नसे.

माझी थोरली मुलगी छत्रपती संभाजीनगरला कॉलेजात शिकते. हे सर्व मी तिला फोनवर सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “आई, असे तर परदेशातल्या मोठमोठ्या लेखकांचेही आहे.” तिने सुट्टीत येऊन मला दोघांची माहिती सांगितली. ती थोडक्यात सांगते.

एक टॉल्कीन नावाचे इंग्रज लेखक. जन्म १८९२ सालचा. चार वर्षांचे असताना वडील गेले, बारा वर्षांचे असताना आई गेली. १९१६ साली ते पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत होते. तिथल्या चिखलाच्या खंदकांतून सैनिकांना उवा होत आणि उवांमुळे एक हटवादी ताप येई. तो ताप त्यांना जडला आणि त्यांची रवानगी इंग्लंडात इस्पितळात झाली. तिकडे त्यांचे जिवाभावाचे मित्र एकामागून एक लढाईत पडले. युद्ध संपेतो त्यांतला एकच उरला. त्या आजारपणातच टॉल्कीन यांनी एका कल्पित जगाच्या कथा लिहावयास सुरुवात केली. ते जग पुढे त्यांनी जन्मभर वाढविले, आणि १९५४-५५ साली त्यातून एक मोठा तीन भागांचा ग्रंथ बाहेर आला. त्यात एक दलदल आहे, तिच्या पाण्याखाली मेलेल्यांचे चेहरे दिसतात. सोमच्या लढाईनंतरच्या फ्रान्सचे काही त्यात आले आहे, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहिले. हेही खाटेवरचेच लिहिणे, नाही का! उवांचे ऐकून मात्र मला आपल्या लहानपणीच्या फण्या आठवल्या.

दुसऱ्या रोलिंगबाई. त्यांचे हॅरी पॉटर आपल्या नातवंडांना, मुलांना माहीत आहे, मराठीतही आले आहे. त्यांच्या आईला नसांचा असाध्य आजार होता. १९९० साली ती गेली, पंचेचाळीस वर्षांची असताना. म्हणजे माझ्याच वयाची. मुलीने त्याच वर्षी ही गोष्ट लिहावयास घेतली होती, पण आईला त्याविषयी काहीच सांगितले नव्हते. ते सांगावयाचे राहूनच गेले. १९९७ साली पहिले पुस्तक निघाले. त्यात एक आरसा आहे. आईबापांवाचून वाढलेला तो पोर आरशापुढे उभा राहिला की त्याला त्यात आपले आईबाप दिसतात. तो रात्री उठून उठून तिथे जाऊन बसतो. मुलीने हे मला वाचून दाखविले तेव्हा आम्ही दोघीही काही वेळ गप्प होतो. तिला काय आठवले ते मी विचारले नाही. मला माझी आई आठवली.

पण येथे एक गोष्ट बजावून सांगावीशी वाटते. हा धागा इकडचा, तो तिकडचा, असे प्रत्येक वाक्याचे उकलीत बसू नये. टॉल्कीन यांच्या कथेतले युद्ध म्हणजे अमुक खरे युद्ध, असे कोणी म्हटले तर त्यांना ते पटत नसे, आणि त्यांनी तसे छापून सांगितले. मलाही त्यांचे म्हणणे पटते. पुरण शिजून एकजीव झाले की त्यातली डाळ कोणती आणि गूळ कोणता, हे सांगता येते का? दोन्ही आहेत एवढे चवीवरून कळते.

आणि दुसरे असे की, दुःखाने कोणी आपोआप लेखक होत नाही. तसे असते तर आपल्या गल्लीत घरटी एक नाथमाधव निघाला असता! पडून राहिलेली माणसे थोडी का आहेत? नाथमाधवांनी आधी वाचले, ढीगभर वाचले. मग लिहिले, एक झाले की दुसरे. एका ‘वीरधवल’वर थांबले नाहीत. आपल्या आंबेजोगाईला दासोपंतांनी पासोडीवर ग्रंथ लिहिला, तोही काही एका बैठकीत झाला नसेल. पाय गेले हे नशीब, पण रोज लेखणी उचलणे हे त्यांचे स्वतःचे. पायांविषयी लोक हळहळतात, त्या रोजच्या कामाविषयी कोणी बोलत नाही. आपल्या कामाचेही तसेच असते म्हणून हे मला लवकर समजले.

नाथमाधवांचे मला सर्वांत मोठे वाटते ते वेगळेच आहे. ज्या सिंहगडाने त्यांचे पाय नेले, त्या गडांच्या राजाच्या कथा लिहावयास ते पुढे बसले. गडाविषयी मनात अढी धरली असती तर कोणी नावे ठेविली नसती. माझ्या सासूबाईंनी त्या शिडीकडे पुन्हा कधी पाहिले नाही. मला ती विकून टाकावयास लावली. नाथमाधव मात्र मनाने गड चढत राहिले, आणि आपल्याबरोबर वाचकांनाही चढवीत राहिले.

‘वीरधवल’ आमच्याकडे एकदा पूर्ण वाचून झाला. सासूबाई म्हणाल्या, पुन्हा पहिल्यापासून घे. दुसऱ्या वेळी मी निम्म्यापर्यंत पोहोचले होते. मार्गशीर्षात त्या गेल्या. खूण म्हणून पुस्तकात एस.टी.चे तिकीट घातले होते, ते तसेच ठेवून मी पुस्तक वाचनालयाला परत केले.

दुपारच्या त्या वाचनाला आमच्या ओसरीवर शेजारची पोरेही येऊन बसत. आपल्या जिल्ह्याची स्थिती मी काय सांगावी! दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या ऊस तोडावयास निघतात, कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. नवराबायको मिळून एक कोयता. वस्त्या ओस पडतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेत नाव असलेली पोरे. तिसरीतला एक मुलगा असाच आजीपाशी राहिलेला. तो फारसा बोलत नसे. सासूबाई गेल्यावरही तो दुपारी येऊन ओसरीवर बसे. मी म्हटले, “अरे, आज पुस्तक नाही, आज तूच गोष्ट सांग.”

बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरून त्याने सांगितली. एक बैलगाडी होती. दिवसभर ती कारखान्यावर ऊस वाहायची. रात्री वाढे खाऊन झाले की बैलांना पंख फुटायचे. मग गाडी सगळ्यांना घेऊन उडायची, नद्या ओलांडायची, आणि कोंबडा आरवायच्या आत गावाला यायची. आई पोराला जेवू घालायची, आणि गाडी परत जायची. रोज.

मी विचारले, “गाडीत कोण कोण असतं रे?”

“आई, बापू, बारकी, चुलता, चुलती. समदे.”

“आणि मुकादम?”

तो थोडा विचारात पडला आणि म्हणाला, “त्यो चालत यील.”

आता सांगा, हा खोटे बोलला का? त्या वडीलधाऱ्या बाईंना माझा प्रश्न आहे, आणि त्या आज पुढच्याच रांगेत आहेत, म्हणून नम्रतेने विचारते. मला तरी त्या पोराच्या तोंडून त्या वर्षी ऐकलेली सर्वांत खरी गोष्ट ती वाटली. त्याने ‘आईची आठवण येते’ असे कधी म्हटले नव्हते. विचारले तरी मान हलवून नाही म्हणत असे.

तेव्हा कार्यकारिणीला माझी विनंती अशी की, पुढच्या खरेदीत ‘वीरधवल’ची एक प्रत घ्यावी, आणि मुलांसाठी अद्भुत गोष्टींची चार पुस्तके घ्यावीत. प्रत जाड पुठ्ठ्याची पाहून घ्यावी, कारण पाने लवकर सुटतात. वर्गणी कमी पडत असेल तर माझ्या लोणच्याच्या दहा बरण्या मी मंडळाला विकावयास देते. शिवाय टोळ्या परत येईपर्यंत, म्हणजे पाडव्याच्या पुढेमागे, दर शनिवारी दुपारी तीन वाजता आमच्या ओसरीवर मुलांना वाचून दाखवावयाचे मी ठरविले आहे. ज्यांना वाचता येते त्यांनी पाळीपाळीने यावे. ज्यांना येत नाही त्यांनी कहाण्या सांगाव्यात, त्यांची पाळी आधी लावीन. माझा घसा तासाभराने बसतो, म्हणून एकीवर भार नको. पोरे वीसच्या वर होतात. येताना एकेक सतरंजी आणावी.